मडक्यातली बाई

इथं येणारे अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगू का, निम्म्यांवर माझा विश्वास बसत नाही. रागावू नका. माझा स्वभावच तसा आहे... दूधवाल्यावर संशय, कंडक्टरवर संशय, मग भुतांना कशी सोडीन? तरीपण माझ्याच घरात जे झालं ते लिहिते. खोटं वाटलं तर वाटू द्या, तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा आष्टीला राहायचो — जालना जिल्हा, परतूर तालुक्यातली आष्टी. बाजाराच्या रस्त्याला घर. पुढच्या खोलीत आमच्या ह्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, मागं आम्ही दोघं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. डॉक्टर झाले, नवससायास झाले. माझ्या मोठ्या नणंदबाई, अक्का, जाफराबादला दिलेल्या. त्यांनी एकच धोसरा लावला होता — भावाचं दुसरं लग्न करायचं. हे हो पण म्हणायचे नाहीत आणि नाही पण म्हणायचे नाहीत. मान खाली घालून सोल्डर मारत बसायचे. अक्कांच्या बोलण्यापेक्षा ह्यांच्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटायची.

त्या दिवसांत आमच्याकडं मडक्याच्या स्पीकरचं भलतंच खूळ आलं होतं. हे औरंगाबादहून ॲम्प्लिफायरच्या छोट्या प्लेटा आणायचे. तळहातावर मावेल एवढी प्लेट, तिच्यावर एक आयसी, म्हणजे काळी चिप, आयसीच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा. स्पीकर मडक्याच्या तोंडावर पालथा बसवायचा, कडेच्या फटीत लांबी भरायची, झालं. असा धमधम आवाज निघायचा की मांडणीवरची ताटं वाजायची! आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी प्लेट दिवसभर चालू ठेवायची, ही ह्यांची पद्धत. गाणं वगैरे लावायचं नाही, नुसता करंट द्यायचा आणि किती तापते ते बघायचं.

हे जाफराबादला अक्कांकडे राहून आले, त्याच आठवड्यात एक मडकं असं चालू ठेवून ते सामान आणायला परतूरला गेले. दुपारची वेळ. मी दुकानातच गहू निवडत बसले होते. मडक्यातून बारीक घुंऽऽ येत होतं, ते नेहमीचंच. ते थांबलं... आणि बाई बोलली.

"नंदू... ए नंदू... ये बरं. गरम हाय तवर खाऊन घे राजा."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. भीती नाही वाटली हो, संताप आला! परक्या बाईचा इतका लाडाचा आवाज, माझ्या घरात? टेप बघितला — बंद. मडक्याच्या प्लेटला गाणं जायच्या वायरी मोकळ्याच लोंबत होत्या. मडकं गदागदा हलवलं. पुन्हा तेच... "नंदू, ये बरं."

हे परत आले तेव्हा मी दारातच उभी.

"कोण आहे ही?"

"कोण?"

"मडक्यातली!"

हे कान लावून बसले, तर मडकं गप. म्हणाले, "आगं, रेडिओ पकडत आसंल. वायर लांब आसली की पकडती प्लेट कधीकधी."

"रेडिओवरची बाई नंदूला जेवायला बोलावती का?"

"मंग नाटक लागलं आसंल. तू बी ना... बिलकुल हद्द करती!"

आणि हसले. ते हसणं मला काही बराबर वाटलं नाही. ते आंघोळीला गेल्यावर मी सगळ्या कॅसेटी लावून ऐकल्या, शर्टाचे खिसे चाचपले. काही सापडलं नाही, तसा माझा संशय पक्का झाला. जाफराबादला काहीतरी ठरलंय. ती बाई तिथलीच, बहुतेक पदरी एक लेकरू असलेली. हे तिचा आवाज भरून घेऊन आलेत. ते मडकं न्यायला गिऱ्हाईक काही आलं नाही. पुढंही एक-दोनदा ती बोलली, आणि दर वेळी हे घरात नसताना. मी आतून नुसती जळत होते.

मग अक्का आल्या. चहासुद्धा झाला नव्हता, त्यांनी पिशवीतून एका मुलीचा फोटो काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

"पोरगी चांगली हाय. शोभाला कोण घराभायेर काढून राह्यलं? राहतीन दोघी बहिणी-बहिणीसारख्या."

शोभा म्हणजे मी. हे गप्प. नेहमीसारखे!

माझं टाळकंच सरकलं. "अक्का, फोटो कशाला? तुमच्या भावानं आधीच एक आणून ठेवलीय की!" म्हणत मी तरातरा गेले आणि मडक्याचं बटण दाबलं. घुंऽऽ... तिघंही बघत बसलो. मला वाटलं, आता ही मेली तोंड उघडणार नाही आणि मीच येडी ठरणार.

पण बोलली. "नंदू... ए नंदू..." आणि त्या दिवशी आणखी पुढं — "आरं, आधी पाय धू. कुठं खेळून आलास एवढ्या मातीत?"

आता बोला, अशा नजरेनं मी अक्कांकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि चेहरा पांढराफटक.

"शोभा... आगं, ह्यो तुझाच आवाज हाय की."

"माझा? काहीतरीच!"

"तुझाच. इतकी वर्षं ऐकून राह्यले न्हाई का मी?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचे डोळे भरले होते. नुसती मान हलवली.

आपला आवाज बाहेरून ऐकला की आपल्यालाच ओळखू येत नाही, हे मला कुठं माहीत होतं! नंतर ह्यांनी माझं बोलणं टेपवर भरून मला ऐकवलं. तीच बाई!

अक्कांनी फोटो पिशवीत परत घातला. "ह्या घरात लेकरू येणार हाय," म्हणाल्या. मडक्याला हळदकुंकू लावलं आणि आल्या पावली एसटीनं निघून गेल्या. दुसऱ्या लग्नाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मडकंही पुन्हा बोललं नाही.

तुम्ही म्हणाल, नवऱ्यानंच केलं असणार. मीही कितीतरी वर्षं तेच म्हणत होते. बहिणीला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ही करामत! खोदून खोदून विचारलं. "तुझ्या गळ्याची शप्पथ, म्या न्हाई केलं," ह्याच्यापुढं एक शब्द नाही. ह्यांना न सांगता ती प्लेट मी जालन्याला दुसऱ्या मेकॅनिकला दाखवून आले. तो म्हणाला, ताई, ह्याच्यात आवाज साठवून ठेवायला काहीच नाही. आणि समजा ह्यांनीच केलं, तरी माझं ते बोलणं आणलं कुठून? नंदू नावाचं पोर आमच्या घरात नव्हतं, गल्लीत नव्हतं, माझ्या माहेरीही नव्हतं.

आम्हाला मूल झालं नाही. अक्का वाट बघत राहिल्या, मग त्यांनी विचारायचं सोडून दिलं. आता हेही राहिले नाहीत. माझं आयुष्य सरत आलं, पण त्या मायेनं मी कोणालाच कधी जेवायला बोलावलेलं नाही. मग ते काय होतं? ठाऊक नाही. आवाज माझाच होता हे मला कळलंय, मान्य आहे... तरी त्या बाईवर मी अजून जळते.