आधी उपकार, मग घास

गादीवाली रागावली की तिचा राग दाभणातून निघायचा. कापसाच्या जाड गादीतून ती दाभण असं आरपार ओढायची, की बघणाऱ्याने आपली बोटं जागेवर आहेत ना ते पाहून घ्यावं. गेला महिनाभर तिच्या हातच्या गाद्या फरशीसारख्या कडक निघत होत्या.

तिचा नवरा भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा दणदणीत, की सगळे त्याला भोंगाच म्हणत. घरी ताटावर बसला की मात्र भोंगा हळू व्हायचा. घास घेण्याआधी देवाचे उपकार मानायचे, ही त्याची रीत. तेही आजच्या एखाद्या नव्या गोष्टीचे. कालचं आज चालायचं नाही. "आपण शिळं खाताना नाक मुरडतो, मग त्याला शिळे आभार कसे द्यायचे?" म्हणायचा. घरात पाणी शिरून सगळा कापूस भिजला, त्या दिवशीही 'मांजर पोहत आलं, उपकार' म्हणून जेवला होता.

मग झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. रीत तेवढी राहिली. ताट समोर आलं की भोंगा डोळे मिटायचा, तोंडाशी झटायचा, 'उ... उ...'पर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. उपकार पुरे झाल्याशिवाय चमचा ओठाला लागू द्यायचा नाही. दुधाचे चार घोट जायचे, कारण दूध म्हणजे त्याच्या लेखी जेवण नव्हतं. हाडं वर आली. डॉक्टरीणबाई बजावून गेल्या, "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल." नळी म्हणताच भोंग्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

त्याच दुपारी नणंद आली. "वहिनी, दादाच्या वतीने तुम्हीच माना ना उपकार. जीव तरी वाचला."

"ज्याने जीभ लुळी केली, त्याचेच आभार मानायला हे जीभ वळवताहेत. आणि मी त्यात सूर मिसळू? घर पाडणाऱ्याला वर मजुरी देऊ?"

"असं बोलू नये. तो करतो ते बऱ्यासाठीच करतो."

"मग तुमच्याकडे का नाही करत बरं, वन्सं? आम्हीच तेवढे लाडके?"

नणंदेने चपलेत जेमतेम पाय खुपसला आणि ती तरातरा निघून गेली.

गादीवालीने मऊ भाताची वाटी घेतली. "अहो, तोंड उघडा."

"उ... उ..."

"उघडा म्हणते ना!" तिने चमचा रेटला. दात घट्टच. भात गळ्यावर ओघळला. तो पुसता पुसता नवऱ्याची गळ्याखालची हाडं तिच्या हाताला लागली आणि तिचं डोकं फिरलं. छताकडे तोंड करून ती ओरडली, "ए वरच्या! झाले उपकार तुझे! पुरे?"

भोंग्याने मान हलवली. नाही.

"कशाचे, ते सांगू? आता त्यातही नियम?" तिने इकडेतिकडे पाहिलं. आभार मानावेत असं त्या खोलीत काही म्हणता काही दिसेना. मग दात खात म्हणाली, "देवा, आज वन्सं लवकर उठून गेल्या. उपकार!"

भोंग्याचा अर्धा चेहरा हसला. तोंड उघडलं. तिने तेवढ्यात चमचा आत घातला.

"हसू नका, ठसका लागेल. आणि त्याचं-माझं गोड झालं असं समजू नका. मी त्याच्याशी अजून बोलत नाही."

वाटी रिकामी झाली. रात्री पुन्हा नवी गोष्ट शोधावी लागणार, हे ध्यानात आलं तशी ती आणखीच चिडली. "सगळं काढून नेलंस, आणि आता वर रोज ताजं मागतोस!" असं बडबडत तिने दाभण उचललं आणि खिडकीतून बाहेर, कुठे काही मिळतंय का, ते बघू लागली.