ज्या फोटोखाली मी ‘भेसळ’ लिहिलं नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती आधी हसेल. एवढा मोठा माणूस, कचेरीत टेबल सांभाळणारा, आणि कसल्या त्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचं मनाला लावून घेतो म्हणेल. मग पुढचं ऐकेल आणि हसायची थांबेल. तिचं ते थांबणं मला बघायचं नाही, म्हणून दोन वर्षं मूग गिळून बसलोय. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. आता सुरुवात केल्यावर तसं काही वाटत नाही.

मी रत्नागिरीत राहतो. आमचा सहा जणांचा फोनवर एक ग्रुप आहे. सगळे याच जिल्ह्यातले, चाळिशीच्या आसपासचे, आणि सगळ्यांना एकच खूळ — रोल-प्लेइंग गेम. म्हणजे ज्यात तुम्ही एक पात्र घेता, त्याला नाव देता आणि महिनोन्‌महिने त्याचं आयुष्य जगता. कुणाशी बोलायचं, कुणाला मदत करायची, कुणाला मागे सोडायचं, सगळं तुमच्या हातात. दर रविवारी जेवणं झाली की प्रत्येकाने आपल्या खेळातला एक स्क्रीनशॉट टाकायचा, खाली चार ओळी लिहायच्या, मग संध्याकाळपर्यंत गप्पा. रीती दोनच. उत्तरं बाहेर इंटरनेटवर शोधायची नाहीत, आपापसात विचारायची. आणि कुणी बाहेरची फाइल घालून खेळात फेरफार केला असेल, तर त्या फोटोखाली ‘भेसळ’ एवढा एक शब्द लिहायचा. त्याला कुणी नावं ठेवत नसे. चिपळूणचे आमचे डॉक्टर तर सारखी भेसळ टाकायचे, घोड्याला पंख वगैरे. आम्ही हसायचो. फक्त काय खरं आणि काय केलेलं, ते कळायला हवं, एवढंच.

ग्रुपमध्ये एकच बाई, दीपाताई. सावर्ड्याजवळच्या शाळेत शिक्षिका, माहेर हर्णैचं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी तिने लांबलचक रजा टाकून माहेर गाठलं, कारण तिच्या वडिलांना इस्पितळातल्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं. बाबा चाळीस वर्षं बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. आता खाटेवरून उठवत नव्हतं. संध्याकाळी ताई खाटेशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवायची आणि खेळायची. इंग्रजी संवाद वाचून बाबांना मराठीत सांगायची.

आम्ही सगळे तेव्हा एकच गेम खेळत होतो, नद्या आणि बेटांचा. त्यात एक म्हातारा तुम्हाला होडीतून बेटाबेटांवर नेतो. कुरकुर करतो, तुमची अक्कल काढतो, आणि चौथ्या भागात वादळात तुम्हाला वाचवताना बुडतो. काहीही करा, बुडतोच. गेम लिहिलाच तसा आहे. बाबांनी त्या म्हाताऱ्याला ‘तांडेल’ नाव दिलं होतं आणि ग्रुपमध्येही तेच रूढ झालं. ताईकडे तो बुडाला त्या दिवशी बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले, जेवले नाहीत. ताईने रविवारी ते ग्रुपवर लिहिलं. सगळे हळहळले. नुसत्या तांडेलाच्याच गप्पा. मी टाकलेल्या किल्ल्याच्या फोटोकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मी काय करायला हवं होतं? — दोन ओळी, बाबांना नमस्कार सांग, एवढं पुरलं असतं. पण मी ग्रुपमधला जाणकार ना. अडलेल्याने मला विचारायचं, मी थोडा भाव खाऊन उत्तर द्यायचं, असा आमचा शिरस्ता. त्या आठवड्यात मी एक बाहेरची फाइल शोधली. एवढीशी. ती घातली की मेलेलं पात्र हवं तिथे उभं करता येतं. मी तांडेलाला शेवटच्या भागात बंदराच्या धक्क्यावर बसवला, बाजूला माझं पात्र उभं केलं, आणि रविवारी फोटो टाकला. खाली लिहिलं — ‘माझ्याकडे जगला.’

तो एक शब्द लिहिला नाही. विसरलो नव्हतो. लिहायला बोट गेलंही होतं.

अख्खा ग्रुप मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला धावला. डॉक्टरांनी विचारलं, खरंच? मी म्हटलं, चिकाटी लागते. दहा मिनिटांत दीपाताईचा वेगळा मेसेज आला. बाबांना दाखवला, म्हणाली. बाबा उठून बसायला बघत होते. कसं केलंस ते सांग ना.

आणि मी सांगितलं. काय काय सांगितलं, माहीत आहे? दुसऱ्या भागात त्याचं जुनं जाळं विकू नको. तीन बेटांवर त्याच्याशी आपणहून बोल. वादळाच्या आदल्या दिवशी शेकोटी पेटवू नको. बसल्या बसल्या थापा मारत गेलो, आणि खोटं सांगू कशाला, मजाही वाटली. ताईने ते वहीत उतरवून घेतलं. शाळेतली बाई ती, मुद्द्यांना आकडे घालून.

तिने गेम पहिल्यापासून सुरू केला. तिथवर पोचायला तीन आठवडे लागतात. रोज बाबांची औषधं, पेज, अंग पुसणं सांभाळून. तांडेल बुडाला. तिने मला वाटेतले सगळे स्क्रीनशॉट पाठवले, कुठे चुकलं बघ ना म्हणून. आता तरी? — आता तरी सांगायला नको होतं का? मी ते फोटो एकेक करून पाहिले आणि त्यातून तिची चूक काढली. दुसऱ्या बेटावर तू त्याच्याशी सूर्य बुडाल्यावर बोललीस, आधी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, हो रे, माझंच लक्ष नव्हतं. तिने पुन्हा सुरू केलं.

फाइल माझ्याकडे होती. हे नीट ऐका, कारण खोट्यापेक्षा मला हे जास्त खातं. फोनवरून पाठवता आली असती. ताईने ती पाच मिनिटांत घातली असती आणि बाबांचा तांडेल त्याच संध्याकाळी धक्क्यावर बसला असता. बाबांना भेसळीशी काय देणंघेणं? पण फाइल पाठवायची तर ती माझ्याकडे का आहे, हे सांगावं लागलं असतं. एकदा मी लिहायला घेतलं — ताई, एक सांगायचं होतं. पुसलं. तिला माझं लिहिणं दिसलं असावं, तिने विचारलं, काय रे? मी लिहिलं, काही नाही, बाबा कसे आहेत?

एका शनिवारी मी हर्णैला गेलोसुद्धा. कशाला गेलो, अजून कळत नाही. खिडकीतून खालच्या मासळीच्या लिलावाचा गलका येत होता. ताईने ओळख करून दिली तसा बाबांनी माझा हात धरला. हाताला काही वजनच नव्हतं.

“वादळात नाळ कुठं ठेवलीस रे?” त्यांनी विचारलं. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, एवढं मला ठाऊक होतं.

“वाऱ्याच्या तोंडाला,” मी म्हटलं.

“मग बरोबर. आडवी घातली असतीस तर गेला असता.”

ताई कौतुकाने म्हणाली, बघा, याच्याकडे जगला की नाही. बाबा म्हणाले, “तो त्याचा. आपला कुठं वाचलाय?” मी चहा घेतला. निघताना ताईने सुकटीची पिशवी दिली ती घेतली. घरी बायकोने कालवण केलं, ते जेवलो.

तिसऱ्यांदाही तांडेल बुडाला. त्यानंतर चार दिवसांनी बाबा गेले.

तेराव्यानंतर ताईचा फोन आला. इतकी वर्षं आम्ही लिहूनच बोलायचो, फोन पहिलाच. म्हणाली, कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. शेवटच्या दिवशी बाबांनी विचारलं, वाचवलास काय गो? तिने माझा फोटो लॅपटॉपवर उघडला, तांडेलच तेवढा दिसेल इतका मोठा केला आणि म्हणाली, हो बाबा, हा बघा. बाबांनी बराच वेळ पाहिलं. वाचवलास गो शेवटी, म्हणाले. पुढे काही बोललेच नाहीत.

ताई रडत होती. आयुष्यात बापाशी कधी खोटं बोलले नाही, म्हणाली, आणि बोलले ते शेवटच्या दिवशी. मला पाप लागेल का रे?

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, नाही ताई, मायेपोटी बोललेलं खोटं नसतं. असलं वाक्य मला त्या क्षणी सुचलं. आवाजही जड झाला. ती म्हणाली, तुझ्याशी बोलून हलकं वाटलं. फोन ठेवून मी आंघोळीला गेलो, कचेरीला उशीर होत होता.

तिने तिची चूक माझ्यापुढे कबूल केली आणि मी ती मोठ्या मनाने पदरात घेतली. तिच्या खोट्याला मी माफी दिली. मी. तिच्याकडे जो फोटो होता तो माझा, त्यातला माणूस मी बसवलेला, आणि ती मला विचारत होती की पाप तिला लागेल का.

त्यानंतर तिने कधी तो विषय काढला नाही. मला वाटलं, मिटलं. अगदी खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

मागच्या महिन्यात तिने तो गेम पुन्हा काढला. बाबांना दाखवलं ते खरं करायचंय रे, म्हणाली, एकदा माझ्या हातून तो वाचला की ते खोटं उरणार नाही. शाळा सुटल्यावर रोज तासभर खेळते. ती जुनी वही सांभाळून ठेवली आहे. परवा तिचा मेसेज आला, तिसऱ्या बेटावर पोचलेय, या वेळी सगळं तू सांगितलंस तसं केलंय, आता वादळ सुरू झालं की होडीत कुठल्या बाजूला उभी राहू?

मी तिला उत्तर पाठवलं. डाव्या बाजूला.