पिवळ्या पापण्यांचे भाऊ

आमच्या घराण्यात दोन गोष्टी आपोआप साठतात. रक्तात चरबी आणि तोंडात किस्से! चरबीवर डॉक्टर गोळ्या तरी देतात, किश्शांवर औषध निघालेलं नाही.

आम्ही पनवेलजवळचे मिठागरवाले. मोठा धर्मादादा, मधला मी आणि धाकटा हिरामण. बाबा छातीत कळ येऊन गेले, आजोबाही तसेच. नव्वद सालानंतर दादालाही चार पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल बापाकडून आलंय. त्यात हृदयाच्या झडपेवर चुना चढलाय. मुंबईला जाऊन झडप बदला, नाहीतर फार दिवस काढणार नाही."

दादा म्हणाला, "मी छाती फाडून घेनार नाय!"

झालं. तिथून आमचा तमाशा सुरू.

*

डॉक्टरांनी परत समजावलं, "झडप दगडासारखी कडक झालीय, नीट उघडत नाही."

दादा म्हणाला, "बोअरिंगच्या पाइपाला बी चुना चढतो. दोन ठोकले का मोकला!"

डॉक्टर हसले. वहिनी हसली नाही. घरी आल्या आल्या तिनं दादाच्या पाठीत दोन सणसणीत गुद्दे घातले. दादा धापा टाकत ओरडला, "अगं ए, झडप म्होरच्या बाजूला हाय!"

*

दादाच्या आणि माझ्या पापण्यांवर पिवळे ठिपके आहेत. डॉक्टर म्हणाले, तीही चरबीच. आणि आई जन्मभर त्यांना सोन्याचे कण म्हणत आलेली!

दादाच्या पोरीच्या पापण्यांवरही ते उतरलेत. तिला बघायला शिरढोणचे पाहुणे आले. आईनं नातीला खिडकीशी नेलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, "बघा, खानदानी हाय!"

मुलाचा बाप हळहळला, "आमच्याकडं कुनाला नाय असला."

मी म्हटलं, "मिलंल, मिलंल! नातवाला मिलंल!"

*

मग डॉक्टरांनी सगळ्या घराचं रक्त तपासायला लावलं. हिरामणचा रिपोर्ट नॉर्मल!

मी हळूच त्याच्या कानाशी लागलो. "हिरा, बाबाचा रोग तुला नाय. मंग बाबाच्या जमिनीचा कसा करायचा?"

तेव्हा जमिनींना भाव चढत होता. हिरामण पांढराफटक! महिनाभर अंडी, मटण, वजडी हाणली आणि स्वतःहून परत रक्त देऊन आला. परत नॉर्मल! रडतच आईकडे गेला.

आई पदर खोचून अंगणात उभी राहिली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "ह्यो माझाच हाय! सुईन जिती हाय, जाऊन इचारा!"

*

भाच्याच्या हळदीला डॉक्टरांनाही बोलावलं. दादाच्या पानात दुधी, डॉक्टरांच्या पानात मटण. दादा किती वेळ बघत राहिला.

"डॉक्टर, तुमी कसा खाता?"

डॉक्टर नळी चोखत म्हणाले, "माझा बाप वेगळा होता, दादा!"

*

शेवटी "नुसती तपासणी" अशी थाप मारून मी दादाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात भरती केलं. ऑपरेशनला नकार कायमच. एका सकाळी तो गुपचूप खाली चहाला सटकला. खाट रिकामी. तेवढ्यात मोठे डॉक्टर शिकाऊ पोरापोरींची रांग घेऊन वॉर्डात शिरले. मला कुठला दम निघतोय! दादाची चादर ओढून आडवा झालो.

एकेकानं छातीला नळी लावली. मोठे डॉक्टर म्हणाले, "ऐका! झडपेचा आवाज. पुस्तकात लिहिलाय तसा!"

पोरं माना डोलवायला लागली. मला हसू आवरेना. उठून बसलो. "साहेब, पेशंट खाली चहा पितोय! मी त्याचा भाऊ!"

सगळा वॉर्ड खदखदून हसला. मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी परत नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "झोपून राहा."

दादा दारात उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. हळूहळू खाटेजवळ आला, माझ्या अंगावरची चादर ओढली.

"उठ माझ्या खाटंवरनं."

"दादा, मस्करी केली रं..."

"उठ म्हनतो ना! आधी माझी झडप बदलूं दे. मी जगलो, तं मंग तू झोप."