घरचा ब्रेड

बेकरीवाल्याचं पोट नाजूक होतं आणि ही गोष्ट त्याने बायकोशिवाय कोणालाही कळू दिली नव्हती. ज्याचा ब्रेड अख्खी गल्ली खाते, त्याच्याच पोटाला तो चालत नाही, हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तो पीठ संध्याकाळी मळून रात्रभर आंबत ठेवायचा आणि पहाटे भट्टीत घालायचा. मग हॉटेलांची कामं आली, वेळ पुरेना. त्याने यीस्ट तिप्पट केलं आणि दोन तासांत पीठ फुगवायला लागला. ब्रेड मऊ लागायचा, दिसायचाही झकास. गिऱ्हाइकं खूश होती. फक्त दोन स्लाइस खाल्ले की दुपारपर्यंत बेकरीवाल्याचं पोट त्या पिठासारखंच तट्ट फुगायचं. आधी त्याने वयाला दोष दिला, मग बायकोच्या फोडणीला. एकदा सहज जुन्या पद्धतीने दोन ब्रेड केले, चार स्लाइस खाल्ले, तर पोट अगदी गप्प. सगळं लक्षात आलं, आणि तिथून त्याची झोप उडाली.

तेव्हापासून दर आठवड्याला तो घरापुरते दोन ब्रेड रात्रभर आंबवून करायचा. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. मग स्लाइस करून मधेमधे कागद घालायचा, पिशवी घट्ट बांधायची आणि थेट फ्रीझरमध्ये. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला तर ब्रेड लवकर कडक होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुकानातल्या ब्रेडशी गल्लत नको म्हणून पिशवीवर तारीख टाकून खाली लिहायचा, 'घरचा'.

समोर चष्म्याचं दुकान होतं. तिथल्या बाई पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक, पोटाने त्याच्यासारख्याच. एकदा त्यांनी विचारलं, "दादा, पीठ अजून रात्रभर ठेवता ना?" मागे रांग होती. तो म्हणाला, "हो तर." एकदा हो म्हटलं, मग पाच वर्षं हो म्हणत राहावं लागलं.

या पाच वर्षांत बाईंनी दूध सोडलं, मग डाळी, मग सकाळचा चहा. "पोटच माझं वैरी झालंय. तुमच्या ब्रेडचा मात्र आधार आहे हो," असं त्या म्हणायच्या, तेव्हा हा मान खाली घालून स्वच्छ काउंटर पुन्हा पुसायला घ्यायचा.

"सांगून टाका ना एकदाचं," बायको म्हणायची.

"आता काय सांगू? पाच वर्षं थापा मारल्या म्हणून?"

"मग पुसत बसा काउंटर."

एके दिवशी बाई आल्या त्या तणतणतच. चेहरा पार उतरलेला.

"डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस ब्रेड बंद करून बघा. मी म्हटलं, दुसरं काहीही सांगा. आमच्या दादांचा ब्रेड रात्रभर आंबवलेला असतो, त्याला नावं ठेवू नका. भांडूनच आले त्यांच्याशी. द्या, नेहमीचा द्या."

बेकरीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या खोटेपणासाठी ही बाई डॉक्टरांशी भांडून आली. तो आत गेला आणि फ्रीझरमधली पिशवी घेऊन आला.

"हा न्या. फ्रीझरमध्येच ठेवा. लागतील तेवढेच दोन स्लाइस काढायचे, गार असतानाच तापलेल्या तव्यावर टाकायचे, कडा तांबूस होईपर्यंत भाजायचे. ओला हात पिशवीत घालू नका." तो थांबेचना. थांबला तर दुसरं बोलावं लागलं असतं.

बाईंना बारीक अक्षर वाचायची सवयच होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पिशवी डोळ्यांजवळ धरली.

"घरचा? म्हणजे तुम्ही हा खाता?"

"हो."

"आणि दुकानातला?"

"मला सोसत नाही तो. दोन तासांत फुगवतो मी त्याचं पीठ."

"कधीपासून?"

"झाली पाच वर्षं."

चार लोकांत त्यांनी दोन शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"म्हणजे दूध मी उगाचच सोडलं," त्या हळूच म्हणाल्या, आणि पिशवी काउंटरवर तशीच ठेवून रस्ता ओलांडून गेल्या.

मागच्या गिऱ्हाइकाने दोन ब्रेड मागितले. ते फळीवर समोरच होते, अजून गरम. बेकरीवाल्याचा हात काही उचलेना.