ताईने जुळवलेली पेटी

आमच्या ताईला हिशेब आवडतो असं म्हणणं म्हणजे माशाला पाणी बरं वाटतं असं म्हणण्यासारखं आहे. लहानपणी चॉकलेटं आम्ही खायचो आणि वाटायची ती. एखादं उरलं तर त्याचे सारखे तुकडे करायला सुरी मागायची. लग्नानंतर भावोजींनी पहिल्यांदा सिनेमा दाखवला, तेव्हा ऐन मध्यंतरात तिने विचारलं, "तिकिटं जपून ठेवलीत ना?" भावोजी वायरमन आहेत. धक्के त्यांना नवे नव्हते, म्हणून संसार टिकला.

मुलगी कॉलेजला लागल्यावर, चाळिशी ओलांडलेल्या ताईने "मी अकाउंटिंग टेक्निशियन होणार" असं जाहीर केलं.

"टेक्निशियन? म्हणजे दुरुस्त काय करणार?" भावोजींनी विचारलं.

"लोकांचे हिशेब."

"मग सीए काय करतो?"

"सीए सही करतो. सही करण्याजोगं काहीतरी त्याच्यापुढे यावं लागतं, ते आम्ही तयार करतो. बिलं लावायची, नोंदी करायच्या, बँकेशी ताळमेळ घालायचा, पगारपत्रकं करायची."

"म्हणजे लग्नात मिरवणार तो आणि खुर्च्या मांडणार तू!"

"खुर्च्या नाही मांडल्या तर वऱ्हाड काय तुमच्या डोक्यावर बसेल?"

या कामाला पदवी लागत नाही, हे ताईला क्लासच्या पाटीवरून कळलं होतं. बारावी पुरते. मग संध्याकाळचे वर्ग, टप्प्याटप्प्याने परीक्षा, संगणकावर हिशेब ठेवायचा सराव, आणि शेवटी एखाद्या कार्यालयात वर्षभर प्रत्यक्ष काम. वर्गातली पोरं तिला 'काकू' म्हणत आणि तिच्याच वह्या उतरवून काढत. परीक्षांचा अभ्यास तिने कुकरच्या शिट्ट्या मोजत केला आणि पहिल्या झटक्यात पास झाली.

शिकाऊ म्हणून तिला एका सीए मॅडमनी घेतलं. मॅडमचं कार्यालय दोन खोल्यांचं, पण शिस्त अशी की टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या. वर्ष संपलं की मॅडम ताईच्या अनुभवपत्रावर सही करणार होत्या. सही झाली तर प्रमाणपत्र आणि कायमची जागा. नाही झाली, तर पुन्हा घरी बसून भावोजींच्या तिकिटांचा हिशेब.

वर्ष सरत आलं असताना मॅडमनी तिला एका रंगाच्या दुकानात किरकोळ खर्चाची पेटी तपासायला पाठवलं. या पेटीचा नियम साधा आहे. सुरुवातीला ठरावीक रक्कम ठेवायची, खर्च होईल तशी पावती आत टाकायची. पेटी केव्हाही उघडा, उरलेले पैसे आणि पावत्या मिळून तीच रक्कम भरली पाहिजे.

भरली नाही. एकशे चाळीस रुपये कमी.

पेटी दुकानदाराच्या नव्या सुनेच्या ताब्यात होती. सासरे आतल्या खोलीत डबे मोजत होते. सून पांढऱ्या रंगाच्या डब्याइतकी पांढरी पडली. "काकू, आता मामंजींना काय सांगू?"

ताई विरघळली. पर्स उघडून तिने स्वतःचे एकशे चाळीस पेटीत टाकले आणि कागदावर लिहिलं, 'पेटी जुळली.'

"वा!" भावोजी घरी म्हणाले. "लोक नोकरीला पगार आणायला जातात. तू द्यायला जातेस."

दोन दिवसांनी ताई उरलेल्या कामासाठी दुकानात गेली, तर सून धावतच आली. "सापडली काकू! माल पोचवणाऱ्याने भाड्याची पावती टोपीत खोचून ठेवली होती. आत्ता दिली, मी टाकलीसुद्धा पेटीत!"

बरोबर एकशे चाळीसची. पेटीत आता तेवढेच जास्त.

"त्यात काय?" घरी भावोजींनी उपाय सुचवला. "गुपचूप उचल. तुझेच तर आहेत."

ताई ताठ झाली. "पावतीशिवाय? पेटीतून?"

रात्रभर कूस बदलून दुसऱ्या दिवशी ती मॅडमपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. "पेटीत कमी निघालं तर काय करायचं असतं?"

"कमी आहे असं लिहायचं."

"तुम्ही काय केलंत?"

"भरले."

"घरी आमटीत मीठ कमी पडलं तर घालावं. इथे घालायचं नसतं, मीठ कमी आहे एवढंच लिहायचं असतं. अहो, ती तूट ओरडून सांगत होती की कुठेतरी पावती राहिलीय. तुम्ही तिच्या तोंडात बोळा कोंबलात."

ताई खाली बघत होती. सही गेली, हे तिला कळून चुकलं होतं.

"आणि आता ते पैसे बाहेर कसे काढणार?"

ताईने पिशवीतून एक कागद काढला. व्हाउचर तिने घरूनच लिहून आणलं होतं: 'शिकाऊ बाईंनी नको तिथे माया दाखवून पेटीत घातलेली स्वतःची रक्कम परत.' खाली घेणाऱ्याच्या आणि मंजुरीच्या सहीसाठी रेघा. शिवाय एक प्रत.

मॅडम हसल्या. त्या हसतात हेच कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हतं. एक पेन्सिल रांग मोडून खाली पडली.

"मंजुरी दुकानदाराची लागेल," त्या म्हणाल्या. "त्यांच्याशी मी बोलते. सुनेला कुणी ओरडणार नाही." मग त्यांनी खणातून ताईचं अनुभवपत्र काढलं, सही केली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'चूक केली. स्वतः सांगितली. व्हाउचरसह.'

परत आलेल्या पैशांत भर घालून ताईने भावोजींना सिनेमाला नेलं. मध्यंतर झालं, दिवे लागले. तिने काही विचारायच्या आत भावोजींनी खिशातून दोन्ही तिकिटं काढून तिच्या हातावर ठेवली.

"तपासून घ्या, मॅडम," ते म्हणाले.

ताईने खरंच तपासली.