मान्यतेच्या दिवशी आबा जीपमध्ये होते

"हे काय आहे?"

साहेबाने पेन रोखून विचारलं. पेनाच्या टोकापुढे माझा बाप होता, आबा. पोत्यावर मांडी घालून बसलेला. मांडीवर चेपलेल्या गाडीचा दरवाजा, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात लोखंडी ठोकळा.

हे कोण आहेत, असं नाही. हे काय आहे.

मी हसलो. मला पटकन हसता येतं, हाच माझा रोग. लहानपणी चर्चमधल्या नाताळच्या नाटकात दरसाल राजाचं काम माझ्याकडे असायचं. पुठ्ठ्याचा मुकुट, आईच्या लुगड्याचा झगा आणि टाळ्या. तेव्हापासून समोर मोठा माणूस आला की माझ्या अंगात नट शिरतो.

"वडील हायेत साहेब. आमचे जुने डेंटर."

"सर्टिफिकेट?"

"चाळीस वर्सं हातोडी मारत्यात..."

"मी सर्टिफिकेट विचारलं."

आमचं गॅरेज नागापूर एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला. पत्र्याचं शेड. अपघातात चेपलेल्या गाड्या सरळ करायच्या, रंगवायच्या. शिर्डीला निघालेली गाडी आणि घोडेगावच्या बाजारातून परतणारी म्हैस यांची कुठे ना कुठे गाठ पडते, त्यावर आमची चूल पेटते. गाडी आमच्याकडे येते. म्हशीचं देव बघतो.

साहेब विमा कंपनीचा. पुण्याहून आलेला. कंपनीने गॅरेजांची यादी करायला घेतली होती. यादीतल्या गॅरेजला कंपनीची मान्यता. गिऱ्हाइकाने गाडी तिथे सोडायची, बिलाचं कंपनी परस्पर बघणार. यादीत नसलेल्याच्या दारात मग चिटपाखरू फिरकणार नव्हतं.

मान्यतेची जाडजूड पुस्तिका होती. खोटं कशाला बोलू, त्यातलं बरंचसं चांगलंच होतं. रंगाला वेगळी खोली. आग विझवायचं लाल नळकांडं. प्रत्येकाला मास्क. आबांचा खोकला म्हणजे जन्मभर न मिळालेला मास्कच आहे. पण त्याच पुस्तिकेत एक ओळ होती. गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे प्रमाणपत्र हवं.

साहेबाने माझं आडनाव पुन्हा विचारलं. मग मूळ गाव. मी सांगितलं. त्याने मान हलवली. ती मान आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहे. बायकोने आणलेला चहा बॉनेटवर तसाच राहिला, त्यावर साय धरली. साहेबाने पिशवीतून स्वतःची बाटली काढली.

जाताना म्हणाला, "पुढच्या महिन्यात फायनल तपासणी. बाकी ठीक करून घ्या. आणि हे दिसता कामा नये."

"न्हाई दिसनार साहेब," मी म्हणालो.

आबा चार हातांवर होते.

आबा डोळे मिटून पत्रा तपासतात. तळव्यावर जुन्या धोतराचं फडकं घेतात आणि हात दरवाज्यावरून सावकाश फिरवतात. कुठेतरी थांबतात. तिथे बारीकशी हातोडी. परत हात. "डोळा फसतो रं," म्हणतात, "ह्यो न्हाई फसत." त्यांनी सरळ केलेल्या पत्र्यावर वरून पुट्टी थापून काही झाकावं लागत नाही.

हे काम ते शहरातल्या एका गॅरेजात शिकले. मालकाला त्यांचा हात हवा होता, ते नको होते. त्यांचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. शेडच्या बाहेर, उन्हात बसून ते पत्रा ठोकायचे. आमचं स्वतःचं शेड उभं राहिलं त्या दिवशी आबांनी पोतं उचललं, बरोबर मधोमध टाकलं आणि त्यावर बसले. ती जागा त्यांनी कधी सोडली नाही.

आता मी तपासणीसाठी गॅरेजचा रंगमंच केला. फरशी करडी रंगवली. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा भिंतीवर काढली. डेंट ओढायचं मशीन आणलं. ते कुणाला नीट चालवता येईना, म्हणून आबा त्यावर टोपी टांगायचे.

"आबांचा कितीचा आनायचा?" बायकोने विचारलं. निळे युनिफॉर्म आणायचे होते.

"त्यांना नको."

तिने माझ्याकडे बघितलं. कागदावरचा एक आकडा खोडला.

तपासणीच्या दिवशी आबांना घरीच ठेवायचं ठरवलं होतं. पण एक दरवाजा राहिला होता, तो ते सकाळीच येऊन पुरा करत होते. साहेब अकराला येणार होता, नवाला आला. गाडी फाटकात. फाटक एकच.

शेडच्या मागच्या अंगाला एका जुन्या जीपचा सांगाडा होता. आबांनी हौसेने घेतलेला, कधीतरी उभी करू म्हणून.

"आबा, जीपमधी बसा. थोडा येळ."

"का रं?"

"साहेब आलाय."

"लपाछपी व्हय?" आबांना गंमत वाटली. हातोडीसकट आत शिरले, सीटवर आडवे झाले. मी वरून ताडपत्री ओढली.

थोडा वेळ म्हणता म्हणता बारा वाजले. एप्रिलचं ऊन, काळी ताडपत्री. मी साहेबाला शेडभर फिरवत होतो. विनोद करत होतो. साहेब खुलला होता. आबांनी सकाळी केलेल्या दरवाज्याला त्याने जाडी मोजायचं यंत्र लावलं. आकडा बघितला. दुसरीकडे लावलं.

"वा! पुट्टी जवळजवळ नाहीच. हे कशावर केलं?"

"मशीनवर, साहेब."

मशीनवर आबांची टोपी होती. ती मी गुपचूप खिशात घातली. साहेबाने दरवाज्याचा फोटो काढला. दुसऱ्या गॅरेजवाल्यांना दाखवायला, म्हणाला.

तेवढ्यात जीपमधून खोकला आला. एकदा. मग परत.

"आत कोण आहे?"

मला एका श्वासाएवढा वेळ होता. तेवढ्यात माणूस खरं बोलू शकतो. पुरेसा वेळ असतो तो.

"कुत्रं हाय, साहेब. सावलीला बसतंय."

"हाकला ते. वर्कशॉपमध्ये जनावर चालत नाही. पुस्तिकेत आहे."

आणि नट अंगात शिरला. मी जीपपाशी गेलो. ताडपत्रीवर थाप मारली.

"हाड! हाड!"

खोकला थांबला.

साहेब हसला. मीही हसलो. चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. कागदावर सही झाली.

त्याची गाडी फाटकाबाहेर गेली तशी मी ताडपत्री काढली. आबा घामाने निथळत होते. डोळे लाल. तोंडात ते धोतराचं फडकं कोंबलेलं. ज्या फडक्याने पत्रा वाचायचे, ते.

त्यांनी ते हळूच बाहेर काढलं, घडी केली, खिशात ठेवलं. मग म्हणाले, "लेका, भुकायला पायजे हुतं का मी?"

विनोदच केला त्यांनी. मला सोडवायला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला हसता आलं नाही.

मान्यता मिळाली. दारावर कंपनीचा बोर्ड लागला. काम वाढलं. आबाही रोज येत राहिले, त्याच पोत्यावर बसत राहिले. फरक एवढाच पडला की फाटकात बरी गाडी थांबली, इस्त्रीच्या शर्टातलं कुणी उतरलं, की आबा उठायचे. हातोडी उचलायचे. चालत जीपपाशी जायचे आणि आत बसायचे. गाडीवाला गेला की बाहेर यायचे.

त्यांना असं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमी सांगितलं त्यांना?" बायकोने एकदा विचारलं.

"न्हाई."

"मंग कुनी?"

"कुनीच न्हाई."

"आसं कसं?" ती म्हणाली. "हाड कुनी म्हनलं?"

त्या रात्री नाही, त्या आठवड्यात नाही. पण ते वाक्य पायातल्या काचेसारखं आत सरकत गेलं. पूर्वी आबांना बाहेर बसवायला मालक लागायचा, त्याची जात लागायची, खिळ्याला टांगलेला कप लागायचा. आता काही लागलं नाही. त्यांच्या पोटच्या पोराने त्यांना मधोमधून उठवलं, आणि ते काम इतकं चोख झालं की पुढे ते आपलं आपणच उठू लागले. चाळीस वर्षांत कुठल्या मालकाला हे जमलं नव्हतं.

वर्षाने मान्यता पुढे चालू ठेवायची तपासणी आली. तोच साहेब. मी दारात त्याला सामोरा गेलो. मागे वळून बघितलं तर आबा जीपमध्ये शिरत होते. सीटवर आडवे झाले. हात बाहेर काढून ताडपत्री स्वतःच ओढून घेतली. एक कोपरा उघडा राहिला होता, तो चाचपून आत खोचला. नीट. कामात असतात तितकेच नीट. आणि मग खिशातून फडकं काढल्याची हालचाल दिसली.

मी साहेबाला तिथेच सोडलं. जाऊन ताडपत्री ओढून खाली टाकली.

"आबा, खाली या."

"गेला का साहेब?"

"न्हाई. हितंच हाय."

"मंग टाक की वरून," आबा कुजबुजले. "बघंल त्यो."

"बघू द्या."

मी त्यांना धरून खाली उतरवलं. मधोमध आणलं. साहेब वहीत काही लिहीत होता. मान वर करून म्हणाला, "हे काय..."

"हे म्हनू नका," मी म्हणालो. "माझे वडील हायेत. मागल्या साली तुमी फोटो काढलेला दरवाजा ह्यांच्या हातचा. मशीन मी खोटं सांगितलं. आनि जीपमधलं कुत्रं, ते बी हेच."

साहेबाने वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाला, "मी काय करू? फॉर्मवर तसा रकानाच नाही. यांना ठेवलंत तर मान्यता जाईल."

"जाऊ द्या."

तेवढ्यात आबांनी हात जोडले. माझ्यासमोर, साहेबाला. "त्याचं मनावर घिऊ नका साहेब. पोरगं नाटक्या हाय पहिल्यापासून. मी जातो आत. मला सवं हाय."

मला सवय आहे.

मी ते जोडलेले हात धरून खाली केले. साहेब गेला. आठवड्यात कंपनीची माणसं आली आणि बोर्ड उतरवून घेऊन गेली.

जीप मी स्वतः गॅसकटरने कापली. दारं, सीट, सांगाडा, सगळं भंगारात घातलं.

काम निम्म्यावर आलं आहे. आणि आबा सुधारले, असं मी सांगणार नाही. फाटकात गाडी थांबली की ते अजून उठतात. हातोडी घेऊन जीपच्या जागेकडे जातात. जीप नसते. मग तिथेच उन्हात उभे राहतात, कुठे जावं ते न कळून. मी म्हणतो, "आबा, बसा." तेव्हा ते माझ्याकडे बघतात, साहेबाकडे बघावं तसं. हा पोचा निघणार नाही. तो मी पाडलेला आहे.

यंदा मान्यतेचा अर्ज मी पुन्हा भरला. कारागिरांच्या रकान्यात पहिलं नाव आबांचं, पूर्ण नाव, आडनावासकट. प्रमाणपत्रापुढे लिहिलं, नाही. अर्ज परत आला. तसाच पुन्हा पाठवला. दरसाल पाठवणार. नाकारायचं असेल तर त्या नावापुढे सही करून नाकारा.

आणि पुढचा साहेब येईल तेव्हा आबा मधोमध पोत्यावर असतील. उठायला लागले तर मी त्यांच्या शेजारी खाली बसेन, खांदा धरून. तो आधी विचारील, हे कोण आहेत. ते विचारल्याशिवाय त्याला या शेडमध्ये पाऊल टाकू देणार नाही.