सातवा ठोका

आमच्या सोलापुरात ‘पॅड’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू येते. वरातीच्या गाडीवर स्टँडला लावलेली, काठ्यांनी बडवायची, आठ खणांची. त्यामुळे मी पॅड मागवलंय हे कळल्यावर गल्लीतल्या दोघी-तिघी मुद्दाम बघायला आल्या. खोक्यातून निघाली ती जेवणाच्या ताटाएवढी काळी पाटी, वर रबराचे सोळा चौकोन. बायकांचे चेहरे पडले. नायनांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका चौकोनावर बोट मारलं. थप्. दुसऱ्यावर मारलं. पुन्हा थप्.

“मुकंय की हे,” ते म्हणाले. “फसवलं तुला, बिड्डा. आवाज घालायचा इसरले.”

बिड्डा म्हणजे लेकरू. घरात आमची तेलुगू-मराठी मिसळूनच चालते, पण चेष्टा करायची झाली की नायना हमखास मराठीवर यायचे. मी त्यांना समजावून सांगितलं की याला स्वतःचा आवाज नसतोच. वायर लॅपटॉपला लावायची, ढोलकी, ताशा, टाळ्या, सगळे आवाज लॅपटॉपमधल्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. हे पॅड फक्त आत जाऊन सांगतं की कुठला चौकोन दाबला, कधी दाबला आणि किती जोरात.

“म्हंजे चहाडखोर हाय,” नायना म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वस्तूचं नाव चहाडखोर पडलं.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. गॅदरिंगच्या नाचांची गाणी कापून-जोडून देता देता, त्याखाली ठेका भरून देता देता, बाकीच्या शाळांचीही कामं माझ्याकडे यायला लागली. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत माझं टेबल आहे. माझा हात काही वादकाचा नाही. कधी घाई होते, कधी एक ठोका जोरात आणि दुसरा मेल्यासारखा पडतो. त्यावर दोन इलाज असतात आणि मी दोन्ही करून ठेवले होते. पॅडवर एक बटण असतं, ते दाबून ठेवलं की हळू मारा नाहीतर जोरात, आत सगळं पूर्ण जोरानंच जातं. आणि सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, ठोका जरा पुढे-मागे पडला तर रेकॉर्ड होतानाच ती त्याला ओढून जवळच्या रेघेवर नेऊन बसवते. पहिलीची चाळीस पोरं एका तालात नाचवायची तर असलंच काहीतरी लागतं. दोन्ही गोष्टी इतके दिवस चालू होत्या की त्या चालू आहेत हेच मी विसरले होते.

नायना चाळीस वर्षं मागावर होते. पॉवरलूमला आमच्याकडे अजून मागच म्हणतात. लग्नाआधीच एकदा मागातला धोटा उडाला आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. जुळली, पण ताठ राहिली. त्याच हातानं ते भजनी मंडळात ढोलकी वाजवायचे. आठ ठोक्यांच्या ठेक्यात सातवा त्या ताठ बोटांचा, तो त्यांना मारता यायचा नाही, म्हणून ते तो सोडून द्यायचे. शिवाय सगळंच जरा मागं वाजवायचे. चुकायचे नाहीत, पण तालाच्या अंगावर धावून जायचे नाहीत. पेटीवाले काका करवादायचे, “तुमी येईपर्यंत आमी पुढच्या चौकात पोचतो.”

“दिवसभर मागाच्या तालात हुबा ऱ्हातोय,” नायना म्हणायचे. “संध्याकाळी तरी माझ्या तालात बसू द्या की.”

घरीही त्यांचा हात स्वस्थ नसायचा. डब्याच्या झाकणावर, दाराच्या चौकटीवर, रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर तोच ठेका. अम्मा समोर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसलेली असायची. तिचे हात चालूच असायचे आणि मधूनच ती सुपाच्या काठावर कात्री आपटायची, टक. कात्रीला चिकटलेला पानाचा चुरा झाडत असेल, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. विचारावं असं त्यात काही वाटलंच नाही.

शाळेला सुट्टी होती त्या दुपारी नायना गच्चीवर आले. चहाचे दोन कप आणले होते, म्हणजे काहीतरी हवं होतं. “तुझ्या चहाडखोराला बघू जरा,” म्हणाले. मी ढोलकीचे बोल चौकोनांवर लावून दिले, कानांवर हेडफोन चढवला. मागावर राहून त्यांचे कान मंदावले होते, आवाज पुष्कळ वाढवावा लागला. आत ताल धरायची टिकटिक लावली आणि सहज, काही विचार न करता, रेकॉर्डचं बटण दाबलं.

ते वाजवायला लागले. आवाज सगळा त्यांच्या कानात, मला ऐकू येत होतं ते फक्त रबरावरचं थप् थप्. मी दोन मिनिटं बघितलं आणि कपडे काढायला बाहेर गेले. दोरीवरच्या चादरी घड्या करून परत आले तरी ते वाजवतच होते, डोळे मिटून. मग थांबले, हेडफोन काढला.

“भारी हाय,” म्हणाले. “पन एक सांगू का? हळू मारलं तरी जोरातच बोलतंय हे. मागासारखं.”

“त्याचं एक बटण असतं, नायना. नंतर बंद करून देते.”

“नंतर दे,” ते म्हणाले आणि कप घेऊन खाली गेले. मी फाइलला ‘नायना टेस्ट’ असं नाव दिलं, सेव्ह केली आणि लॅपटॉप बंद केला.

त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत नायना गेले. सकाळी दारात खुर्ची टाकून बसले होते, अम्मानं चहा नेऊन दिला, ती पाण्याचा तांब्या आणायला आत वळली, तेवढ्यात. डॉक्टर आले आणि काही न करता गेले.

मला रडू आलं नाही. मी शेजारून खुर्च्या आणल्या, करमाळ्याच्या आत्याला फोन केला, तिला एस.टी. कुठं बदलायची ते नीट समजावून सांगितलं. बायका एकमेकींत बोलायच्या, “पोरीला धक्का बसलाय, रडवा तिला.” दोघींनी तर जवळ घेऊन पाठ चोळून बघितली. मीही प्रयत्न केला. नाही जमलं. दिवस झाले, पाहुणे गेले, मी शाळेत जायला लागले. मुलांच्या वह्या तपासल्या, मुख्याध्यापकांनी विचारलं त्याला उत्तरं दिली. जेवताना भाजीत मीठ नाही हे अम्मानं सांगितल्यावर कळायचं. पाय बधिर झाल्यावर आपण चालतो तर खरे, पण जमीन लागत नाही, तसं सगळं चालू होतं. वाईट वाटत नव्हतं आणि वाईट वाटत नाही याचीसुद्धा मला फार काळजी नव्हती.

महिन्याभरानं एका शाळेचं काम आलं म्हणून लॅपटॉप उघडला. यादीत ‘नायना टेस्ट’ दिसली. मंडळातल्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग कुणीच कधी केलं नव्हतं. आम्ही सगळे समोरच बसलेलो असायचो, करणार कोण? लग्नातल्या एका व्हिडिओत नायना आहेत, पण ते पंगतीत वाढताना. म्हणजे त्यांच्या हातचं म्हणून एवढंच उरलं होतं. मी स्पीकर लावला आणि फाइल चालू केली.

खट खट खट खट. सगळं एका जोरानं, सगळं एका अंतरावर.

क्षणभर वाटलं, चुकीची फाइल लागली. मग पडद्यावर पाहिलं. प्रत्येक ठोक्याचा एक चौकोनी ठिपका असतो, हलका मारला तर फिका, जोरात मारला तर गडद. सगळे गडद होते. आणि एकूण एक ठिपके रेघांवर, परेडला उभे केल्यासारखे. नायनांना वाजवताना स्वतःचा हात ऐकू येत होता, निदान त्यांचा उशीर तरी. पण आत लिहून ठेवताना चहाडखोरानं आणि त्या सॉफ्टवेअरनं मिळून त्यांना सरळ केलं होतं. मी करायला सांगितलं होतं तेच त्यांनी केलं होतं. मागे जायचं बटण दाबून पाहिलं. फाइल सेव्ह करून बंद केली की त्याच्या मागचं काही राहत नाही, हे मीच मुलांना शिकवते.

मग मी चार दिवस तेच करत बसले. शाळेतून आलं की गच्चीवर. ठिपके माउसनं थोडे मागे सरकवून पाहिले. फिके केले, पुन्हा गडद केले. यंत्राचं वाजवणं माणसासारखं करायचंही एक बटण असतं, ते दाबलं. ठेका वेडावाकडा झाला, पण तो कुठल्यातरी अनोळखी दारुड्याचा होता, नायनांचा नव्हता. ते नेमके किती मागे वाजवायचे? आयुष्यभर ऐकलं आणि मला सांगता येईना. माझीच मला चीड आली. तीही फार वेळ टिकली नाही.

पाचव्या दिवशी मी फाइल नुसती चालू ठेवून बसले होते. अम्मा वाळत घातलेल्या मिरच्या उलटायला गच्चीवर आली. तिथूनच ओरडली, “कोन माग चालवायलंय गं या टायमाला?”

चाळीस वर्षं ज्याच्या तालात उभं राहावं लागलं, त्याच्यातच मी त्यांना परत उभं केलं होतं.

अम्मा दारात आली. मिरच्यांचे हात तिनं लुगड्यापासून लांब धरले होते. ती बोलायला लागली आणि मध्येच थांबली. मान किंचित कलती करून ऐकत राहिली.

“नायना हाय हे,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“सातवा न्हाय बघ.”

मी पडद्याकडे पाहिलं. प्रत्येक ओळीत सातव्या रेघेवर ठिपका नव्हता. चार दिवस मी असलेले ठिपके इकडचे तिकडे करत होते, नसलेल्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. खरं तर पॅडवर कुठलंही बोट चाललं असतं. ताठ बोटांची तिथं काही अडचण नव्हती. तरी त्यांनी तो सोडलेलाच होता, दरवेळी. आणि जो ठोका मारलाच नाही तो ओढून सरळ करायला सॉफ्टवेअरला सापडला नव्हता.

अम्मानं नळावर हात धुतले, खाली गेली आणि आपलं सूप घेऊनच वर आली. दारात बसली, सूप मांडीवर घेतलं. “लाव परत,” म्हणाली. मी लावलं. तिनं पान कापायला घेतलं, तंबाखू भरली, वळली, आणि सातव्या जागी कात्री सुपाच्या काठावर आपटली. टक. पुढच्या फेरीत पुन्हा टक.

“हे तू चुरा झाडायला करत नव्हतीस?” मी विचारलं.

“चुरा?” अम्मा हसली. नायना गेल्यानंतर पहिल्यांदाच. “रिकामं ऱ्हायलं की कसनुसं वाटायचं मला. लगीन झाल्यापास्नं भरतीय मी ते.”

मी उठले. पॅडवरचं ते बटण बंद केलं. सॉफ्टवेअरमधली सोय शोधून काढली आणि तीही बंद केली. पॅड अम्माच्या सुपाशेजारी जमिनीवर ठेवलं, कोपऱ्यातल्या एका चौकोनावर कात्रीसारखा आवाज लावला.

“कात्री नको, बोटानं मार,” मी म्हटलं. “नेहमी मारतेस तसंच.”

“हे मुकं हाय न्हवं?”

“आता बोलेल.”

रेकॉर्ड चालू केलं. अम्मा एका हातानं सूप धरून, दुसऱ्या हाताच्या बोटानं सातवी जागा भरत गेली. पडद्यावर नवे ठिपके उमटू लागले. फिके, कुठला जरासा गडद, कुठला दिसेल न दिसेल असा. आणि सगळे रेघेच्या मागे, थोडे उजवीकडे. वायरीतून यायला वेळ लागत असेल म्हणून मी मध्येच थांबवून स्वतः वाजवून पाहिलं. माझे ठिपके नेहमीसारखे घाईचे, रेघेच्या आधी पडले. अम्माला पुन्हा बसवलं. पुन्हा मागे. चाळीस फेऱ्या झाल्या असतील, प्रत्येक फेरीत तेवढंच अंतर, करंगळीच्या नखाएवढं.

माझं बोट सवयीनं ठिपके सरळ करायच्या बटणाकडे गेलं. अम्मा सगळीकडे सारखीच उशिरा पडतेय, असं मनात आलं आणि बोट तिथंच राहिलं. स्पीकरमधल्या सरळ ठेक्याकडे तिचं लक्षच नव्हतं. इतकी वर्षं समोरून यायचा तो ठेका तिला पाठ होता आणि ती त्याच्यासाठी थांबत होती. ती उशिरा नव्हती. ती नायनांच्या वेळेवर होती.

मी त्यांचे सगळे ठिपके निवडले आणि अम्माच्या अंतराएवढे मागे नेले. मग ताल धरायची टिकटिक चालू करून पहिल्यापासून लावलं. जोर अजून सारखाच होता, तो मला कुठून आणता येणार नव्हता. पण ते आले. जरा मागून, घाई न करता.

तोवर पुन्हा वळायला घेतलेली बिडी अम्मानं सुपात ठेवली. “आता बसले,” ती म्हणाली. आणि पुढच्या सातव्याला मला काही दिसेनासं झालं, म्हणून सेव्हचं बटण अम्मालाच दाबायला सांगितलं.